भीड आणि प्रीति

(महोत्सवाच्या सायंकाळीं धर्मग्रामाच्या पटांगणांत भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सव मंडळाच्या चिटणीसांनीं मजकडे येऊन, आपल्या धर्मग्रामाचा इतिहास या सभेंत थोडक्यांत सांगावा, अशी विनंति केली होती. ती मीं मान्य केली नाहीं, याबद्दल त्यांनीं मला क्षमा करावी. पायाचा दगड कोणी बसविला, घंटा कोठून आली, कौलें कोणत्या वादळांत उडालीं आणि तीं पुन्हां बसविण्यास कोणत्या घरानें किती हातभार लावला, हें सर्व या स्मरणिकेंत, ज्यांना तें माझ्याहून अधिक ठाऊक आहे, त्यांनीं लिहिलेंच आहे. मी आज दुसऱ्याच एका गोष्टीविषयीं बोलणार आहें.

या स्मरणिकेसाठीं घरोघरचीं जुनीं छायाचित्रें जमविण्याचें काम गेले कांहीं महिने चाललें होतें, आणि तीं सर्व माझ्या टेबलावरून पुढें गेलीं. त्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. सर्वांत जुन्या चित्रांत आज्या-पणज्या लुगडें नेसून, हात गुडघ्यांवर ठेवून, निर्भयपणें समोर पाहत बसल्या आहेत. पुढच्या चित्रांत त्यांच्या मुली झग्यांत आहेत. त्यानंतरच्या एका चित्रांत तर कडेची एक आकृति कातरीनें कापून टाकलेली आहे. फक्त एक हात राहिला आहे, तो एका मुलाच्या खांद्यावर आहे. हात कोणाचा, असें मीं विचारलें. घरच्या माणसांनीं सांगितलें कीं, ती आमची आजी; चित्र परगांवच्या एका स्थळाकडे पाठवावयाचें होतें, म्हणून तिला काढून टाकली. सांगणाराला त्यांत विशेष असें कांहीं वाटलें नाहीं. मला मात्र त्या रात्रीं नीट झोंप आली नाहीं. कां आली नाहीं, तें शेवटीं सांगेन.

लोकांना आपण आवडावें, चार माणसांनीं आपल्याला आपलें म्हणावें, ही इच्छा पाप नव्हे. देवानेंच ती मनुष्याच्या ठायीं घातली आहे. पहिल्या मनुष्याला एकटें ठेवणें त्याला बरें वाटलें नाहीं, हें तुम्ही लहानपणापासून ऐकत आलां आहां. तान्हें मूल आईच्या तोंडाकडे पाहून हंसण्यास शिकतें, आणि पुढें बोलण्यास शिकतें तेंहि तिच्या प्रीतीच्या लोभानेंच. दुसऱ्यासाठीं कांहींच बदलावयाचें नाहीं असा ज्याचा बाणा, तो साधु नव्हे. तो केवळ हट्टी. ज्या घरांत नवरा बायकोसाठीं आणि बायको नवऱ्यासाठीं तिळभरहि बदलत नाहीं, त्या घरचीं भांडणें मिटवितांना धर्मगुरूची काय दशा होते, ती मला विचारा.

परंतु बदलण्या-बदलण्यांत अंतर आहे. सेमिनरींत नीतिशास्त्र शिकवितांना आमचे गुरुजी एका दोषाचें लॅटिन नांव वारंवार घेत असत: रेस्पेक्टुस हुमानुस. त्याचें शब्दशः भाषांतर 'मानवी आदर' असें केलें, तर तो सद्गुणच वाटूं लागेल. आपल्या मराठींत त्याला अगदीं नेमका शब्द आहे, आणि तो म्हणजे भीड. लोक काय म्हणतील, लोक आपल्याला पंक्तींतून उठवतील कीं काय, या भयानें मनुष्य जें नाहीं तें दाखवितो आणि जें आहे तें झांकतो, ती ही भीड. भीड ही भिकेची बहीण, असें आपले वाडवडील म्हणत. ते पैशाच्या भिकेविषयीं बोलत असतील; प्रीतीच्या भिकेविषयींहि तें तितकेंच खरें आहे.

पवित्र शास्त्रांत याचें पहिलें मोठें उदाहरण म्हणजे याकोब. इसहाकाला दोन मुलें. थोरला एसाव शिकारी, अंगानें केसाळ, बापाचा लाडका. धाकटा याकोब घरांत राहणारा, आईचा लाडका. म्हातारपणीं इसहाकाची दृष्टि गेली, आणि मरणापूर्वीं थोरल्याला आशीर्वाद देण्याचें त्यानें योजिलें. एसाव शिकारीस गेला असतां रिबेकेनें काय केलें, तें तुम्हांस ठाऊक आहे. तिनें याकोबाच्या अंगावर एसावाचीं वस्त्रें चढविलीं, हातांना आणि मानेच्या गुळगुळीत भागाला करडांचीं कातडीं बांधिलीं, आणि रांधलेलें ताट त्याच्या हातीं देऊन त्याला बापापुढें उभें केलें. बापानें विचारलें, तूं कोण? तो म्हणाला, मी एसाव. बापानें हात चांचपून पाहिले; हात तर एसावाचे वाटले. परंतु आवाज ऐकून म्हातारा घोटाळला, कारण आवाज याकोबाचा होता.

श्रोतेहो, या ठिकाणीं थोडा वेळ थांबा. ही गोष्ट आपण लहानपणीं ऐकतों, तेव्हां आपल्याला चातुर्याची गोष्ट वाटते. परंतु त्या मुलाची स्थिति काय झाली असेल, याचा विचार करा. आयुष्यांत प्रथमच बाप त्याला जवळ घेतो आहे, त्याचा मुका घेत आहे, त्याच्या वस्त्रांचा वास घेऊन त्याला आशीर्वाद देत आहे. आणि तें सर्व चाललें आहे एसावासाठीं. कातड्याखालीं जो याकोब आहे, त्याला त्यांतलें कांहींच मिळत नाहीं. सोंगाला मिळालेली प्रीति सोंगालाच पोंचते. सोंग करणारा आंत उपाशी तो उपाशीच राहतो, आणि शिवाय सोंग उघडें पडल्यावर त्याला घरांतून पळ काढावा लागतो. याकोब पळाला, आणि मामाच्या घरीं वीस वर्षें राबला. तेथें त्यालाहि अंधारांत, बुरख्याखालीं, एकीऐवजीं दुसरी देण्यांत आली. देव हिशेब ठेवतो, असें मी म्हणत नाहीं. परंतु शास्त्र लिहिणारानें तो ठेवला आहे.

वीस वर्षांनीं परत येतांना, याब्बोक नदीच्या कांठीं, रात्रभर एका अपरिचिताशीं त्याची झोंबी झाली. पहांटे त्यानें आशीर्वाद मागितला. तेव्हां त्या पुरुषानें प्रथम एकच गोष्ट विचारली: तुझें नांव काय? म्हणजे बापानें जो प्रश्न केला होता, तोच हा. या वेळीं त्यानें उत्तर दिलें, याकोब. मग त्याला नवें नांव मिळालें, आणि आशीर्वादहि मिळाला. नवें नांव मिळण्यापूर्वीं जुनें नांव खरें सांगावें लागलें, हें विसरूं नका. बाप्तिस्म्याचें पाणी सोंगावर घालतां येत नाहीं.

ती जी दुसरी देण्यांत आली होती, ती लेआ. तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. नवऱ्याचें मन बहिणीवर; हिला मुलगा झाला म्हणजे ती म्हणे, आतां तरी नवरा माझ्यावर प्रीति करील. दुसरा झाला, तिसरा झाला. प्रत्येकाच्या नांवांत तिनें तीच आशा गुंफली. चौथ्याच्या वेळीं तिनें नवऱ्याचें नांवहि काढलें नाहीं. या वेळीं मी परमेश्वराची स्तुति करीन, असें म्हणून तिनें मुलाचें नांव यहूदा ठेवलें. त्याच यहूदाच्या वंशांत आपला प्रभु जन्मास आला. ज्या सुनांनीं सासरीं सर्व कांहीं करून पाहिलें आणि तरीहि ज्यांच्याकडे कोणी वळून पाहिलें नाहीं, त्यांनीं लेआची गोष्ट उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायांत स्वतः वाचावी.

आतां तरुणांविषयीं. संत आगस्तीन यांनीं बिशप झाल्यावर आपल्या जीवनाचें जें निवेदन लिहिलें, त्यांत सोळाव्या वर्षींच्या एका चोरीचें वर्णन आहे. सोबत्यांसह रात्रीं जाऊन त्यांनीं शेजारचें नासपतीचें झाड झोडपलें, आणि फळें डुकरांपुढें टाकलीं. भूक नव्हती, घरीं त्याहून चांगलीं फळें होतीं. पुढें अनेक वर्षांनीं त्यांनीं स्वतःस विचारलें कीं, मीं हें कां केलें? तेव्हां त्यांना दिसलें कीं, एकटा असतों तर केलेंच नसतें. इतकेंच नव्हे, तर सोबत्यांपुढें कमी दिसूं नये म्हणून न केलेलीं पापेंहि आपण केलीं म्हणून सांगत होतों, असें ते कबूल करतात. कुमसारांत बसणाऱ्या धर्मगुरूला तेथील एक शब्दहि बाहेर सांगतां येत नाहीं, आणि मी सांगणारहि नाहीं. परंतु आगस्तीन यांनीं जें पुस्तकांत लिहून ठेविलें, तें मी सांगूं शकतों. आणि आपल्या धर्मग्रामांतील बापांनीं, मुलगा बिघडला म्हणून हात उगारण्यापूर्वीं, तो कोणाला आवडावा म्हणून बिघडला, तें आधीं शोधून काढावें.

असो. व्यक्तीचें झालें, समाजाचेंहि असेंच असतें. आपलेंच उदाहरण घेऊं.

आपण या किनाऱ्यावर बाहेरून आलेले नाहीं. आपले पूर्वज कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि याच मातीचे. पोर्तुगीजांच्या अमदानींत त्यांनीं ख्रिस्तधर्म स्वीकारला, आणि आडनांवें पोर्तुगीज झालीं. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारान्वयें इंग्रजांकडे जावयाचें ठरलें. साष्टी १७३७ सालीं आणि वसई १७३९ सालीं मराठ्यांनीं जिंकली. १७७४ सालीं साष्टी इंग्रजांच्या हातीं गेली. राज्यें बदललीं, आपण येथेंच राहिलों. परंतु आडनांवांमुळें सरकारदरबारीं आपल्याला 'पोर्तुगीज' म्हणत. पुढें आगबोटी सुरू झाल्या. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें रेल्वे सुरू झाली. शहर वाढलें, आणि गोव्याचे व मंगळूरचे ख्रिस्ती बांधव नोकऱ्यांसाठीं येऊं लागले. त्यांचीं आडनांवें तींच, धर्म तोच. कोण इंग्रजांची जुनी प्रजा आणि कोण पोर्तुगीजांची, हें साहेबाला कळेना, आणि नोकरीच्या प्रश्नांत तर तें कळणें अगत्याचें होतें. तेव्हां १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें, आपल्या लोकांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. तोहि एक महोत्सवच होता, हें मला आज विशेष आठवतें.

या नांवाचा संबंध ईस्ट इंडिया कंपनीशीं जोडण्यांत येतो. गंमत अशी कीं, कंपनीचें राज्य १८५८ सालींच संपलें होतें, आणि १८७४ सालीं कंपनी स्वतःहि विसर्जित झाली होती. म्हणजे ज्या धन्याची निष्ठा दाखवावयाची, तो धनी जाऊन तेरा वर्षें झालीं होतीं!

मी हें हंसण्यासाठीं सांगत नाहीं. ज्यांनीं तें नांव घेतलें, त्यांच्या घरीं खाणारीं तोंडें होतीं, आणि कारकुनाच्या एका जागेवर एका कुटुंबाचें पोट भरत होतें. त्यांच्या जागीं मी असतों, तर मींहि अर्जावर सही केली असती. आज तें नांव आपल्याला प्रिय आहे, आणि तें टाकून द्यावें असें माझें म्हणणें नाहीं. नांव बदलल्यानें मनुष्य बदलतोच असें नाहीं. परंतु नांवाबरोबर जें हळूहळू गेलें, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

गोव्यांत १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढला होता कीं, तेथील लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. तीन वर्षें गेलीं, तीनशें गेलीं; लोक आपली कोंकणी आजहि बोलत आहेत. आपल्याला येथें असा हुकूम कोणी केला नाहीं. हुकुमानें जें तेथें साधलें नाहीं, तें येथें भिडेनें साधलें. पाहुणे आले कीं आजीला आंत बसविणें, बाजारांत आई मराठींत बोलली कीं मुलीनें तिचा हात दाबणें, मुलानें घरींहि इंग्रजींतच उत्तर देणें, आणि शेवटीं आजी व नातवंड एकाच घरांत असून दोघांना एकमेकांशीं बोलण्यास तिसरा माणूस लागणें. हें सर्व कोणत्या गव्हर्नरानें फर्माविलें? यांत आम्हां धर्मगुरूंचाहि वाटा आहे, तो मी नाकारीत नाहीं. इंग्रजी शाळा ख्रिस्तसभेनें काढल्या, आणि त्या चांगल्या काढल्या. त्यांनीं पुष्कळांचें कल्याण झालें. परंतु व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनें (१९६२ ते १९६५) लोकभाषेंत उपासना करण्याचा मार्ग मोकळा केला, त्याला इतकीं वर्षें लोटल्यावरहि मराठी मिस्सा पहांटेच्या अंधारांत आणि इंग्रजी मिस्सा आठाच्या उन्हांत, ही विभागणी आपल्या धर्मग्रामांत कोणी केली? मीं केली नाहीं. परंतु येऊन सहा वर्षें झालीं, आणि मीं ती बदललीहि नाहीं. येत्या आगमनकाळापासून बदलणार आहें. तक्रारी लेखी द्याव्यात.

अलीकडे लुगडें परत आलें आहे, असें कोणी म्हणेल. सणाच्या दिवशीं मुली तें नेसतात, मोबाइलवर छायाचित्रें काढतात, आणि तीं शेंकडों लोकांना आवडतात. मला त्यांत आनंदच आहे. तरी विचारावेंसें वाटतें कीं, ज्या लुगड्याची चाळीस वर्षांपूर्वीं लाज वाटत होती, त्याचा आज अभिमान वाटूं लागला, तो लोकांना तें आवडूं लागलें म्हणून कीं काय? तसें असेल, तर कपडा तेवढा बदलला. भीड होती तेथेंच आहे.

मग दुसऱ्यासाठीं बदलूंच नये काय? येथें मला फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण होतें. हे येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ सालीं गोव्यास आले, आणि जवळजवळ चाळीस वर्षें साष्टींत राहिले. (गोव्याची साष्टी निराळी, आपली निराळी, दोन्हीकडचे लोक यावरून भांडत असतात.) तेथें त्यांनीं येथील भाषा आत्मसात केली, ती इतकी कीं, त्यांनीं ओवीछंदांत मराठींत पुराण रचिलें. तें १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें, आणि त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, ते वारले. इंग्लंडांत जन्मलेला मनुष्य आमच्या ओवींत बोलूं लागला, याहून मोठा बदल तो कोणता? परंतु गोव्यास पोंचल्यावर पहिल्याच वर्षीं त्यांनीं आपल्या पित्यास प्रवासाची हकीकत सांगणारें एक सविस्तर पत्र लिहिलें होतें, आणि तें आजहि वाचावयास मिळतें. त्यांना नवें आप्त मिळालें, म्हणून जुना बाप कापून टाकावा लागला नाहीं.

संत पौलहि करिंथकरांस असेंच लिहितात कीं, ते सर्वांसाठीं सर्व कांहीं झाले. पण कशासाठीं? लोक तरावेत म्हणून. पौल आपणाला चांगलें म्हणवून घेण्यासाठीं बदलते, तर त्यांनीं इतके फटके खाल्ले नसते. याची एक खूण मला अनुभवानें कळली आहे, ती सांगतों. प्रीतीनें जो बदलतो, त्याला कांहीं लपवावें लागत नाहीं. भिडेनें जो बदलतो, त्याच्या घरांत कोठें तरी एक कुलूपबंद खोली असते.

आणि या बाबतींत फार गर्व नको, कारण आपल्या ख्रिस्तसभेचा पहिला पोप याच ठिकाणीं दोनदां घसरला. प्रमुख याजकाच्या वाड्यांत, थंडीच्या रात्रीं, कोळशाच्या शेगडीभोंवतीं चाकर शेकत उभे होते. पेत्र त्यांच्यांत जाऊन उभा राहिला. त्याला दुसरें कांहीं नको होतें. त्यांच्यांतलाच एक दिसावें आणि ऊब मिळावी, इतकेंच. एका दासीनें हटकलें, तेव्हां त्यानें नाकारलें. तिसऱ्या वेळीं लोक म्हणाले, हा गालीलाचाच. बोलीवरून ओळखूं येतो. पाहा, येथेंहि आवाजच! मासे पकडणाऱ्या माणसाची ती किनाऱ्याची बोली, ती कांहीं त्याला लपवितां आली नाहीं. म्हणून त्यानें शपथ घेऊन सांगितलें कीं, त्या मनुष्याला मी ओळखतच नाहीं.

पुढें अंत्युखियांत तोच पेत्र परजातीय ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडील मंडळी आली, आणि हा हळूच पंक्तींतून उठून दूर बसूं लागला. पौलांनीं सर्वांसमक्ष त्याला बोल लावला, हें गलतीकरांच्या पत्रांत लिहिलें आहे. पेन्टेकॉस्ट होऊन गेला होता, पवित्र आत्मा उतरला होता, हजारोंना बाप्तिस्मा देऊन झाला होता, आणि तरीहि भीड सुटली नव्हती. या दोन गोष्टी शास्त्रांतून कोणी गाळून टाकल्या नाहींत, याबद्दल मी देवाचे आभार मानतों.

या दोहोंच्या मध्यें एक सकाळ आहे. समुद्राच्या कांठीं पुन्हां कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर. आणि प्रभु स्वतः वाढतो आहे. झाल्या गोष्टीचा त्यानें उच्चारहि केला नाहीं. त्यानें तीनदां विचारलें तें एवढेंच कीं, तूं मजवर प्रीति करतोस काय? आणि पेत्राला त्यानें त्याच्या जुन्या नांवानें, योहानाच्या मुला शिमोना, अशी हांक मारली.

आतां मघाशीं राखून ठेविलेली गोष्ट. ती सांगितल्यावांचून या सभेंत उभें राहून तुम्हांस उपदेश करण्याचा मला अधिकार नाहीं.

मी सेमिनरींत होतों त्याला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. माझे बहुतेक सोबती शहरांतील, इंग्रजी घरांतले. दोन वर्षांत मीं माझी बोलण्याची ढब बदलली, हंसण्याची बदलली, आणि आमच्या घरीं इंग्रजीच बोलतात, अशी एक थापहि मारून ठेविली. कोणी मागितली नव्हती, मींच दिली. एका रविवारीं, भेटीच्या वेळीं, आई आली. पहांटेची गाडी पकडून, लुगडें नेसून, अनवाणी, कांखेंत बोचकें. बोचक्यांत तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी. ती पडवींतल्या बांकावर बसली. चटणीचा वास सबंध पडवीभर झाला होता. एका सोबत्यानें येऊन मला विचारलें, या कोण? मीं उत्तर दिलें कीं, गांवाहून एक बाई आली आहे, आईनें तिच्या हातीं खाऊ पाठविला आहे.

हें मीं इंग्रजींत सांगितलें. आईला इंग्रजी येत नव्हतें. परंतु मुलाचें तोंड आईला वाचतां येतें. तिनें कांहीं विचारलें नाहीं. बोचकें सोडून भाकरी माझ्या हातीं दिल्या, फडकें घडी करून परत घेतलें, आणि दुपारच्या गाडीनें ती निघून गेली. भाकरी मीं रात्रीं, दिवे गेल्यावर, एकट्यानें खाल्ल्या.

पुढच्या खेपेस ती आली, ती पांचवारी साडी नेसून. पायांत नव्या चपला. त्यांनीं टांचा सोलल्या होत्या. हातांत बोचकें नव्हतें. दुकानांतला बिस्किटांचा डबा होता. ती बांकाच्या अगदीं कडेला बसली आणि तासभर कोणाशीं एक शब्दहि बोलली नाहीं. निघतांना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आतां ठीक आहे ना रे?"

मीं हो म्हटलें. आणि खरें सांगावयाचें तर, त्या वेळीं मला बरेंच वाटलें. माझी प्रीति मिळविण्यासाठीं ती बदलली, आणि मीं ती घेऊन खुशाल वर्गांत गेलों.

माझ्या गुरुदीक्षेच्या दिवशीं मावश्या, आत्या, शेजारणी सर्व लुगडीं नेसून आल्या होत्या. आई साडींत आली. त्या सर्वांत ती एकटीच परकी दिसत होती. कुमसारांत मीं ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीं सांगितली आणि मला क्षमा मिळाली. आईला मात्र तिच्या शेवटच्या दुखण्यांत सांगितली. ती म्हणाली, मला असलें कांहीं आठवत नाहीं. तिला आठवत होतें. कारण नंतर थोड्या वेळानें तिनें आपण होऊन विचारलें, त्या भाकरी तूं खाल्ल्यास कीं टाकल्यास?

ती गेली, तेव्हां धाकट्या बहिणीनें तिची पेटी उघडली. वर साड्या होत्या. तळाशीं, डांबराच्या गोळ्या घालून, तें लुगडें होतें. कोणतें नेसवूं, असें बहिणीनें मला विचारलें. मीं लुगडें म्हटलें. परंतु आमच्या घरांत तें नेसवितां येईल असें कोणी उरलें नव्हतें. पलीकडच्या आळींतून एका म्हाताऱ्या बाईला बोलवून आणावें लागलें, आणि ती येईपर्यंत आम्ही सर्व भावंडें दाराबाहेर उभे होतों.

मंडळाच्या चिटणीसांनीं माझ्याकडेहि एक जुनें छायाचित्र मागितलें होतें. मीं गुरुदीक्षेच्या दिवसाचें दिलें आहे. तें या स्मरणिकेच्या मधल्या पानांत छापलें आहे. पायऱ्यांवर बरीच मंडळी आहेत, आणि छपाई थोडी पुसट आली आहे, म्हणून सांगून ठेवतों. मागच्या रांगेंत, डावीकडून दुसरी, साडी नेसलेली जी बाई उभी आहे, ती माझी आई.